तात्यांची छाती आणि लेकीचं मशीन

लेकीने आणून दिलेल्या ड्रिल मशीनची तात्या सुतारांना मनापासून भीती वाटायची, आणि ही गोष्ट घरात त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. पहिल्या पगारातून तिने ते आणलं होतं. "आता कष्ट बंद, तात्या," असं म्हणून त्यांच्या हातात ठेवलं होतं. एवढ्या कौतुकाने दिलेली वस्तू हातात घेतली की आपल्या अंगाला कापरं सुटतं, हे लेकीला कुठल्या तोंडाने सांगायचं? तात्यांनी मग आपल्या परीने तोड काढली. मागच्या खोलीचं दार लोटून घ्यायचं, मशीन टेबलाला आवळून नुसतंच चालू ठेवायचं, आणि त्या घरघराटाच्या आडोशाला हाताने भोकं पाडायचं जुनं गिरमिट बाहेर काढायचं. गिरमिटाची गोल चकती छातीला लावायची, अंगाचा भार टाकायचा आणि मूठ फिरवत राहायचं. मशीन हवेत फिरायचं, भोकं गिरमिट पाडायचं आणि बाहेर लेक समाधानाने ऐकायची. सगळं बिनबोभाट चाललं होतं.

अशातच तात्यांनी लेकीच्याच पुस्तकांसाठी कपाट करायला घेतलं. लाकूड असं चिवट निघालं की गिरमिट दाद देईना. तात्याही इरेला पेटले आणि छातीने रेटत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून उठताना डाव्या बाजूला अशी कळ आली की ते मटकन खुर्चीत बसले. एरवी त्यांचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसायचं. ते गप्प झालेले पाहून बायकोने आरडाओरडा केला. शेजारी धावून आले. एकाने गॅस असेल म्हणून धीर दिला. दुसरा म्हणाला, आमच्या काकांनाही अगदी अश्शीच कळ आली होती, आणि मग सगळ्यांनी पुढे काय झालं म्हणून बघितल्यावर त्याने विषय बदलला. लेकीने कुणाचंच ऐकलं नाही. तात्यांना गाडीत घातलं आणि तडक दवाखाना गाठला.

तिथे छातीला वायरी लागल्या, रक्त घेतलं गेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईतल्या नव्हत्या. ईसीजीची पट्टी चांगली आहे म्हणाल्या, रक्ताचा दुसरा अहवाल येईपर्यंत मात्र थांबावं लागेल. मग त्यांनी विचारलं, "काका, दोन-चार दिवसांत काही जोराचं काम केलंत का?"

तात्यांनी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "छे, यांना आता काही कष्टच नाहीत. सगळं मशीन करतं."

"दिवसभर चालूच असतं हो ते," बायकोनेही साक्ष दिली.

डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी पडली. कष्ट नाहीत आणि तरी दुखतंय, तर मग ठेवूनच घ्यावं लागेल, आणखी तपासण्या कराव्या लागतील, असं त्या बोलू लागल्या. तात्यांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. थोडा विचार करून त्यांनी गप्प राहायचं ठरवलं. हृदयविकार म्हणजे निदान चारचौघांत सांगण्यासारखा आजार.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी छातीच्या हाडाशेजारी बोट दाबलं आणि तात्या कळवळले. दुखणं नेमकं तेच होतं. सदरा आणखी बाजूला केला तर छातीवर लालभडक गोल वळ.

"हे काय? छातीला काही टेकवून दाबता का तुम्ही?"

लेकीचा चेहरा उतरला. "मशीन," ती म्हणाली. "तात्या, तुम्ही ते छातीने रेटत होता? मीच हौसेने आणून दिलं. माझ्यामुळेच झालं हे."

दुसरा अहवालही चांगला आला. हृदय ठणठणीत होतं, बरगड्या जुळतात तिथे सूज होती. घरी अंदाज बांधत न बसता आलात हे बरं केलंत, असं डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. तात्या सगळ्यातून सुटले होते. आळ मशीनवर गेला होता, त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. पण लेकीच्या डोळ्यांचं पाणी काही केल्या थांबेना, आणि ते मात्र त्यांना बघवेना. आतून फार वाईट वाटलं.

"मशीनला बोल लावू नकोस," ते म्हणाले. "त्या बिचाऱ्याने आजवर एकही भोक पाडलेलं नाही."

मग गिरमिटासकट सगळं सांगून टाकलं. "भीती वाटते गं मला त्याची. तुझं मन मोडवेना."

लेकीने डोळे पुसले. मग अशी हसत सुटली की नर्स डोकावून गेली. तात्यांनाही हसू आलं, पण हसलं की छाती दुखत होती.

विश्रांतीच्या दिवसांत कपाट लेकीने पुरं करायला घेतलं. तात्या खुर्चीत बसून सूचना देत होते आणि ती मशीन घट्ट धरून ते लाकडावर टेकवत होती. आवाज ऐकून बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"अगं, बंद कर ते आधी. मशीन बिघडलंय. रोज कसं एका सुरात चालायचं, आज बघ कसं कण्हतंय."

"बिघडलेलं नाही," तात्या समाधानाने म्हणाले. "आज भोक पडतंय."