वरून मारलेली गाठ

लछूमास्तर माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, शिवणीकडे बघतात. आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी माझं नावही विचारलं नाही. खाली वाकून माझ्या पँटची पायाकडची कड उलटी केली आणि म्हणाले, "सर, ये किसने बनाया? त्याला सांगा, दुसरा धंदा बघ."

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये त्यांचा जीन्सचा छोटा कारखाना आहे. मालकही तेच आणि कटिंग मास्तरही तेच. त्यांची मुलगी कांचन माझ्या चित्रकलेच्या वर्गात होती, तेव्हापासूनची आमची ओळख. कांचन आता लग्न होऊन इंदूरला असते. मास्तर इथे एकटेच.

"अंदर से दिखाओ" हा त्यांचा मंत्र. कलिंगडवाल्याला म्हणतात, डॉक्टरला म्हणतात. चिखलोलीला नमुन्याचा फ्लॅट बघायला गेले होते. बिल्डरचा माणूस बाल्कनीतून डोंगर दाखवत होता आणि मास्तर ओट्याखालच्या कपाटात डोकं घालून बसले होते. माझ्या पुतण्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. नवरानवरी छान हसताहेत आणि शेजारी मास्तर वाकून नवरदेवाच्या शेरवानीचं अस्तर तपासताहेत. "साईं, बाहर से तो सब जंटलमन," असं ते वर समजावून सांगतात.

अशा माणसाला मी संग्रहालयात घेऊन गेलो.

बदलापूरच्या पुढे नदीच्या अंगाला एक दगडी बंगला आहे. शंभरएक वर्षांपूर्वी एका वकिलांनी बांधला आणि जन्मभर जमवलेल्या वस्तूंनी भरून टाकला. आता त्यांची पणती निर्मलाताई तो शनिवार-रविवार लोकांना उघडून दाखवतात. मी वस्तूंखालच्या चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात लिहून द्यायला जातो. त्यांच्याकडे लहान मुलीचा एक रेशमी फ्रॉक होता. बाजूची शिवण कुणीतरी वेडीवाकडी घातलेली. काचेच्या कपाटात मांडण्याआधी ती कुणी नीट करून देईल का, असं त्यांनी विचारलं आणि मी मास्तरांचं नाव घेतलं.

मास्तरांनी दारातच चपला काढल्या. चालतील म्हटलं तरी ऐकलं नाही. आत शिरले. माणसाएवढ्या चिनी फुलदाण्या, हस्तिदंती बुद्धिबळ, बिलोरी आरशांत एकातून एक उघडत जाणाऱ्या खोल्या. हात पाठीशी बांधून ते चोरपावलांनी फिरत होते. कांस्याच्या एका देवीपाशी थांबले. तिच्या मांडीवर वस्त्राच्या चुण्या होत्या, इतक्या झिरझिरीत की खालचा गुडघा दिसावा. मास्तर वाकले ते उठेचनात. शेवटी हळूच मला विचारलं, "सर, एवढं बारीक कापड मिळायचं कुठे?"

दिवाणखान्यात वकिलांच्या पत्नीचं मोठं तैलचित्र आहे. मी चार वर्षं ते बघतोय. मास्तरांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं की बाईंचा शालू कोरा आहे, घडी आत्ताच मोडलीय. मी जवळ जाऊन बघितलं. जरीवर खरोखरच घडीच्या रेघा होत्या, उभ्या आणि आडव्या, चित्रकाराने एकही सोडली नव्हती.

निर्मलाताई म्हणाल्या की चित्र लग्नाच्या वर्षीचंच आहे. तीनच वर्षांत बाई गेल्या, मागे दहा महिन्यांची मुलगी ठेवून. ती मुलगी म्हणजे ताईंची आजी. वकील फार कडक होते. वडिलांनी कधी मांडीवर घेतलेलं आठवत नाही, असं आजी म्हातारपणीही सांगायची. त्यांचा जीव फक्त या वस्तूंवर, असंच घरात सगळे म्हणत आले.

मग ताईंनी फ्रॉक आणला. जांभळं रेशीम, गळ्याशी जरीची बुट्टी, आईने तिच्या शेवटच्या वर्षात शिवलेला. मास्तरांनी हात धुतले, कोरडे केले, चष्मा लावला, खिशातली छोटी कात्री टेबलावर ठेवली आणि फ्रॉक उलटा केला.

बोटाने एकेक टाका चाचपत गेले. मग ताईंना जवळ बोलावून दाखवायला लागले. ही आईची शिवण, बघा किती बारीक. मुलगी वाढेल म्हणून तिने आत कापड जास्त सोडलं होतं. नंतर कुणीतरी ही शिवण उसवून फ्रॉक सैल केलाय.

"एखाद्या मोलकरणीने केलं असेल," ताई म्हणाल्या.

"नाही, ताई. बाईमाणसाला एवढं तरी नीट येतं. शिंपी तर नाहीच. ही बघा, गाठ वरून मारलीय, आतून मारायची ती. ज्याने जन्मात सुई धरली नाही, तो गाठ वरून मारतो." त्यांनी शिवणीजवळचे दोन तपकिरी ठिपके दाखवले. "इथे बोटात सुई घुसलीय. घरात नोकर होते, शिंपी दारात आला असता. तरी हा माणूस स्वतः बसला."

ताई खुर्चीवर बसल्या. पणजोबा का, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, ते मी कसं सांगू. त्यांनी कात्री उचलून परत खिशात घातली.

"हे मी उसवणार नाही. माफ करा."

मग फ्रॉककडेच बघत त्यांनी जे सांगितलं, ते मी वीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. कांचनची आई गेली तेव्हा कांचन दीड वर्षाची. मास्तर तेव्हा गाडीवर पापड विकायचे. बायकोच्या हातचा एकच फ्रॉक होता, तो पोरीला तंग व्हायला लागला. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचं मनात येईना, म्हणून स्वतःच सुई घेऊन बसले. गाठ वरूनच मारली. मशीन त्यानंतर शिकले.

निर्मलाताईंनी त्या गाठीवर अंगठा टेकवला.

"आजीला हे कळायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"पोरींना हे कळत नाही, ताई," मास्तर म्हणाले. "कांचनला तरी मी कुठे सांगितलंय."