लाल झेंडा कुठे लावायचा?

“म्हणजे आपल्या खिडकीखाली संडास येणार?” सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

“स्वच्छतागृह, आई. आणि खिडकीखाली नाही, समोर. मध्ये अख्खा रस्ता आहे.”

“नाव काहीही ठेव गं. वारा काय रस्ता बघून थांबतो?”

सून महापालिकेच्या उद्यान विभागात आर्किटेक्ट होती आणि घरासमोरच्या ओसाड प्लॉटवर होणारी बाग हे तिचं स्वतःचं पहिलं काम होतं. आजवर तिने वरिष्ठांच्या बागांना नुसती कुंपणं काढून दिली होती. इथलं मात्र झुडूप न् झुडूप तिचं होतं. कागदावरचा नकाशा बघून लोक नुसती मान डोलावतात आणि काम सुरू झालं की भांडायला येतात, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तिने शक्कल लढवली. नकाशा जमिनीवरच काढायचा! पहाटेच तिने चुन्याच्या पांढऱ्या फक्कीने पायवाटा आखल्या. बाकांच्या जागी पिवळे झेंडे रोवले, झाडांच्या जागी हिरवे आणि स्वच्छतागृहाच्या जागी एकच लाल. संध्याकाळी नगरसेविका येऊन रहिवाशांची संमती घेणार होत्या. संमती मिळाली नाही, तर प्लॉट गाड्यांच्या पार्किंगला देऊन टाकायचा, असं साहेबांनी बजावलं होतं.

“दिवसभर लोकांना निवांत बघू दे,” असं म्हणून ती ऑफिसला गेली. जाता जाता तिने कंत्राटदाराला फोन केला. “लाल झेंडा दिसेल, तिथे खड्डा घेऊन ठेवा. पाइप किती खोल आहे ते बघायचंय.”

तिची पाठ वळताच सासूबाई भाजी आणायला खाली उतरल्या. प्लॉटवर चप्पल नीट करायला म्हणून वाकल्या, आणि उठल्या तेव्हा लाल झेंडा डावीकडच्या इमारतीकडे सरकला होता. फार नाही, आपल्या खिडकीतून दिसणार नाही इतकाच.

डावीकडच्या इमारतीत हेडसर राहत. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गॅलरीत उभं राहून लक्ष ठेवायची सवय सुटली नव्हती. ते काठी टेकत आले, त्यांनी झेंड्याकडे वर्गाबाहेर सापडलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं आणि त्याला पलीकडच्या इमारतीपाशी नेऊन उभं केलं.

तिथे तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. पेशंटच्या तोंडात कापूस ठेवून डॉक्टर हातमोज्यांसकटच बाहेर धावले. झेंडा जरा इकडे, जरा तिकडे हलवून त्यांनी एका झटक्यात उपटला. ‘दुखलं का?’ एवढंच विचारायचं राहिलं. चौथ्या बाजूला एका बंगल्याचं बंद फाटक होतं. डॉक्टर या भागात नवीन होते. बंद फाटकाला कोण विचारतंय, असं म्हणून त्यांनी झेंडा तिथे रोवला आणि ते कापसाकडे परतले.

दुपारी कंत्राटदार आला. आपण उगाच प्रश्न विचारत नाही, याचा त्याला अभिमान होता.

संध्याकाळी नगरसेविकाताई दिवसभराच्या बैठका आटोपून घरी आल्या, तेव्हा त्यांच्या फाटकापुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत खड्डा होता. पलीकडे मातीचा ढीग होता आणि ढिगावर लाल झेंडा फडकत होता.

“हे कुणी केलं?”

“झेंडा होता, ताई,” कंत्राटदार म्हणाला.

“अहो, पण हे माझं फाटक आहे!”

“आम्ही झेंडा बघतो. फाटक बघत नाही.”

ताईंनी सगळ्यांना प्लॉटवर गोळा केलं. आर्किटेक्ट ऑफिसातून धापा टाकत आली. आपली पहिलीवहिली बाग आपल्या डोळ्यांदेखत पार्किंग होणार, असं तिला दिसायला लागलं.

“झेंडा कुणी हलवला?”

“मी फक्त सरळ केला,” हेडसर म्हणाले. “वाकडा होता.”

“माझ्याकडे आला तेव्हा तो सैलच झालेला होता,” डॉक्टर म्हणाले.

सुनेने सासूबाईंकडे बघितलं. “आई?”

“मी भाजी आणायला गेले होते.”

“भाजी कुठेय?”

“चांगली नव्हती.”

“बस्स!” ताई कडाडल्या. “जागा ठरल्याशिवाय इथून कुणी हलायचं नाही.”

“आणि जो हलेल त्याच्या दारात झेंडा!” डॉक्टरांनी भर घातली. सगळ्यांना कल्पना एकदम पसंत पडली.

चर्चा सुरू झाली. प्रत्येकाला बागेत स्वच्छतागृह हवंच होतं, फक्त ते शेजाऱ्याच्या दारात हवं होतं. सासूबाईंनी कोपऱ्यावरून सगळ्यांना चहा मागवला. मग हेडसरांनी मागवला. मागे राहायला नको म्हणून डॉक्टरांनीही मागवला.

हळूहळू चर्चेतला जोर ओसरू लागला आणि लोक या पायावरून त्या पायावर होऊ लागले. पिढ्यान् पिढ्यांच्या मुलांना ताठ उभं राहायला शिकवणारे हेडसर येरझाऱ्या घालायला लागले. डॉक्टरांनी एक पाय दुसऱ्यावर दाबून धरला. ताई खड्ड्यापलीकडच्या स्वतःच्या दाराकडे व्याकूळ होऊन बघत होत्या. त्यांना कुणीच घरी बोलवेना. बोलावणाऱ्यालाही सोबत जावं लागलं असतं ना!

“मी जरा वर जाऊन गॅस बंद करून येते,” सासूबाई कुजबुजल्या.

“बंदच आहे, आई.”

“मग चालू करून येते.”

सुनेला त्यांची दया आली, पण त्याहून जास्त आपल्या बागेची आली. ती पुढे होऊन म्हणाली, “ताई, एक मार्ग आहे. स्वच्छतागृह रद्दच करू. बाकी बाग आहे तशी राहू दे.”

तासाभरापूर्वी या वाक्याला टाळ्या पडल्या असत्या. आता सगळ्यांनी तिच्याकडे भयभीत नजरेने बघितलं.

“रद्द?” हेडसरांचा आवाज चिरकला.

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” सासूबाई म्हणाल्या. “माणसांनी बागेत यायचं आणि मग करायचं काय?”

“लावा!” हेडसर ओरडले. “आमच्या दारात लावा! आत्ता लावा!” आणि काठी टाकून ते असे पळाले की काठी कशासाठी वापरत होते, हाच प्रश्न पडावा.

“मंजूर!” बाकीचे एकमुखाने ओरडले आणि चारी दिशांना पांगले. नगरसेविकाताई सासूबाईंच्या मागोमाग जिना चढताना एवढंच म्हणाल्या, “संमती धर गं माझी!”

सून त्या रात्री समाधानाने झोपली.

सकाळी दारात डॉक्टर उभे होते. “हेडसरांच्या दारात एक झालं, ते ठीक. पण आमच्या बाजूच्या लोकांनी अडचणीच्या वेळी एवढं लांब पळायचं? हा अन्याय आहे.” त्यांच्या पाठोपाठ ताईंचा फोन आला. खड्डा बुजवू नका, थोडा बाजूला घ्या, आता खणलाच आहे तर तिथेही एक होऊन जाऊ दे. फोन ठेवते न ठेवते तोच स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, “आणि आपल्या खिडकीसमोरचं? ते काही परक्यांसाठी सोडायचं नाही हं.”

दुपारी तिने कंत्राटदारापुढे नवा नकाशा पसरला. चारी बाजूंना चार लाल चौकोन होते. कंत्राटदाराने तो उलटसुलट करून बघितला आणि जन्मात पहिल्यांदा प्रश्न विचारला.

“मॅडम, बाग कुठे घ्यायची?”

“बघू,” ती म्हणाली, “बसवू मध्ये कुठेतरी.”