राखेच्या रेघेचा बंदोबस्त

परक्या माणसाला बाहेर किती नीट ठेवता येतं, यावरून गावाची थोरवी ठरते. आत घ्यायला काय, धर्मशाळासुद्धा आत घेते.

आमचं गाव किन्हीराजाहून दोन कोसांवर आहे. समुद्र इथून किती लांब, हे कोणी मोजलेलं नाही. गावातलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे मारुतीमागचं तळं, आणि त्यात म्हशी बसल्या की पाणी दिसत नाही. तरीही एकोणीसशे एकेचाळीसच्या श्रावणात, पूर्वेकडून लढाईची बातमी येऊ लागली तेव्हा, शत्रू समुद्रावरून येईल या अंदाजाने आमच्याकडे सात जणांची बंदोबस्त कमिटी नेमण्यात आली. (कारण असलेली भीती भेसळीची असते. आमची निखळ होती.) अध्यक्ष दौलतराव पाटील. पहिल्या तीन आठवड्यांत कमिटीने एक कल्हईवाला, दोन चुकार बैल आणि एक फकीर ताब्यात घेतले. फकीर दरवर्षीच येतो. पण लढाईच्या वर्षी का आला, याचं समाधानकारक उत्तर त्याला देता आलं नाही.

अशा वेळी तुळसाबाईचा जगदेव घरी आला.

जगदेव नऊ वर्षांपूर्वी मुंबईला गेला, गोदीत हमाली करता करता एका मालवाहू जहाजावर लागला आणि आगवाला झाला. आगवाला म्हणजे जहाजाच्या पोटात बसून भट्टीत कोळसा लोटणारा. त्याचं जहाज नुकतंच 'त्या' देशातून परत आलं होतं. देशाचं नाव लिहायचं नाही, असं दौलतरावांनी बजावलेलं आहे. (त्यांना ते माहीत नाही, पण गुप्तता पाळायला माहिती लागतेच असं नाही.) जगदेवला मोजकी रजा होती. जाण्यायेण्याचे दिवस वजा जाता गावात चार दिवस उरत होते. दिवस चुकला तर जहाज त्याच्यासाठी थांबणार नव्हतं.

तुळसाबाईच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. उजेड तेवढा कळतो, माणूस कळत नाही. नऊ वर्षांनी आलेल्या लेकाला पाहायचं म्हणजे तिला त्याच्या तोंडावरून हात फिरवणं भाग होतं. तिची मागणी एवढीच होती. कमिटीपुढे आलेल्या मागण्यांपैकी ही सर्वांत लहान. म्हणूनच कमिटीने तिच्यावर सर्वांत जास्त विचार केला.

जगदेव कारंजाहून बैलगाडीने आला, तो वेशीवरच थांबवला गेला. त्याच्यावर दोन आक्षेप निघाले. एक, तो समुद्र ओलांडून आला होता, म्हणजे धर्माने बाटलेला. दोन, तो शत्रूच्या बंदरातून आला होता, म्हणजे कायद्याने संशयित. एकाच माणसात दोन्ही गुण सापडण्याचा आमच्या गावातला हा पहिलाच प्रसंग. निर्णय एकमताने झाला: अकरा दिवस शुद्धी, आणि तोवर मुक्काम कोंडवाड्यात. (बैल मालकांना परत केले होते.) कोंडवाड्याभोवती राखेची रेघ ओढली. कोणी आत हात घालायचा नाही, त्याने बाहेर पाय टाकायचा नाही.

"अकरा दिवस?" जगदेव म्हणाला. "पाटील, मले चौथ्या दिवशी निंगा लागते."

"मंग जहाजाले थांबाले सांग," दौलतराव म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तसूभरही राग नव्हता. न्याय करताना ते नेहमी थंड असतात.

रेघेवर पहारा ठेवायचा ठरला तेव्हा माझं नाव पुढे आलं. मी तीस वर्षं एकही सप्ताह चुकवलेला नाही. कीर्तनात पहिल्या ओळीत बसतो, आणि बुवांनी नुसता टाळ उचलला तरी माझ्या डोळ्यांना धार लागते. अशा माणसाच्या हातून निर्दयपणा होणार नाही, म्हणून पहारा माझ्याकडे द्यावा, असं दौलतरावांनी सुचवलं. मला ते फार लागलं. चांगल्या अर्थाने.

तेव्हा गावात सप्ताह चालूच होता. कोंडवाडा देवळाला लागून असल्यामुळे जगदेवला कीर्तन ऐकू यायचं. बाटलेल्याच्या कानात हरिनाम गेलं तर हरिनाम बाटतं का, असा एक प्रश्न कमिटीत निघाला होता. पण आवाज अडवायची रेघ कोणाला ओढता येईना, म्हणून तो तहकूब झाला.

पहारा नियमाने चाले. सकाळ, दुपार, तिन्हीसांज अशी कैद्याची मोजणी होई. (तो एकच होता. तरी दोनदा मोजत असू. पहिल्या वेळी चूक होऊ शकते.) पाणी वरून ओतायचं, ओंजळीने प्यायचं. भाकर चुलीच्या लाकडाने रेघेपलीकडे सरकवायची. त्याची ट्रंक उघडून हुंगण्यात आली. आत एक जाड कांबळ होती, जहाजावरची, मायसाठी आणलेली. तिला कोळशाचा उग्र वास येत होता, तशी नोंद केली. मग दौलतरावांनी रेघेबाहेर पाट टाकून जबाब घेतला.

"त्या देशापाशी तोफा किती हायेत?"

"पाटील, मी खाली कोळसा लोटतो. वर काय हाय, मले काय मालूम?"

माहिती देण्यास नाकारतो, असं लिहून घेतलं. हे ऐकून जगदेव हसायला लागला. मला वाईट वाटलं. कैद्याने हसू नये.

"काहून हासून राह्यला रे?"

"काई नाई काका. तिकडंबी असंच झालतं."

आणि मग त्याने सांगितलं. मी ते ऐकून घेतलं, कारण शत्रूच्या बंदोबस्तातल्या चांगल्या गोष्टी आपण उचलल्या पाहिजेत, या मताचा मी आहे.

त्यांचं जहाज त्या देशाच्या खाडीत शिरायच्या आत पोलीस चढले आणि सगळ्या खिडक्यांवर काळा कागद डकवला. डोंगर त्यांचे, पण खलाशांना दिसायला नकोत. मग माणसं मोजली. तासाभराने पुन्हा मोजली. एका साहेबाने दुभाष्यामार्फत जगदेवला विचारलं, मुंबईच्या गोदीत लढाऊ जहाजं किती? जगदेवने हेच सांगितलं की मी खाली कोळसा लोटतो. साहेबाने बराच वेळ काहीतरी लिहिलं. बावीस दिवस जहाज तिथे अडकून पडलं. माल उतरवू देईनात, निघूही देईनात. बंदरावर रोज पलटणी कवायत करत. खलाशांना दंडावर पांढरी पट्टी बांधून दिवसातून एकदा खाली उतरवत. एकच रस्ता, दोन्ही बाजूंना तारांचं कुंपण, ऐंशी पावलं जायचं, ऐंशी पावलं यायचं. रस्त्यावरच्या लोकांनी खलाशी दिसले की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, असा हुकूम होता. दुकानदार माल बांबूने पुढे सरकवायचा.

"बांबूनं?" मी विचारलं.

"हो. लाकूड लहान पडते काका. बांबू बरा."

ही सूचना मी कमिटीला कळवली. ती त्याच दिवशी अमलात आली.

"आन् एक दिवशी," जगदेव म्हणाला, "कुंपनापलीकडून एका म्हातारीनं मले रताळं फेकून देल्लं. भाजलेलं, गरम. पायापाशी येऊन पडलं. त्या दिवशी एकादशी होती."

"तिथं पंचांग होतं?"

"कोळशानं रेघा मारून दिवस मोजत होतो. माह्या मोजणीनं एकादशी."

परमुलखातला फराळ कोणाच्या हातचा आहे हे आधी पाहावं, असं मी त्याला प्रेमाने समजावलं. तो भाकरीचा तुकडा मोडू लागला. बहुधा पटलं असावं.

तुळसाबाईला रेघेपासून सात हात अंतरावर बसायची परवानगी होती. ती पहाटेच येऊन बसे आणि कान लावून राही.

"कोन्या अंगाले बसला रे?"

"डाव्या अंगाले माय. इकडं."

"वाळला काय रे?"

"नाई वो. जाडा झालो. दरवाज्यात मावत नाई."

"खोटं बोलते मेला. आवाज कसा खोल गेला तुहा." मग ती माझ्याकडे तोंड वळवी. "भाऊजी, तुमी तरी सांगा. वाळला काय वो हा?"

त्याच्या गळ्याची हाडं मला दिसत होती. परंतु कैद्याच्या प्रकृतीबद्दल माहिती देण्याचा अधिकार कमिटीचा असल्याने मी नुसतं "राम कृष्ण हरी" म्हणालो. मायच्या जीवाला तेवढाच आधार.

चौथा दिवस काल्याचा. दुपारी गाडी जुंपून जगदेवला निघायचं होतं. (शुद्धी गावात यायला लागते, गावाबाहेर जायला लागत नाही, असा ठराव झाला होता.)

काल्याचं कीर्तन कारंजाच्या नानाजी महाराजांचं होतं, आणि मी खरं सांगतो, तसं कीर्तन मी जन्मात ऐकलं नाही. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. कोणाची शिळी भाकर, कोणाचं आंबट ताक, कोणाच्या फडक्यात नुसतं मीठ. सगळं एका ठिकाणी कालवलं. कोण कोणाचा, कुठून आला, देवाने विचारलं नाही. एकाच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याच्या तोंडात घातला, आणि दुसऱ्याचा उष्टा आपण खाल्ला. मृदंगवाला वाजवायचं विसरला. मंडपात तीनशे दहा माणसं होती, त्यांपैकी दोनशे ब्याण्णव रडली. (उरलेल्यांत अकरा झोपली होती आणि सात कमिटीची होती.) माझं उपरणं पिळून दोनदा वाळत घातलं.

हंडी फुटली. दही, लाह्या, डाळिंबाचे दाणे यांचा काला हातोहात वाटला. दौलतरावांनी सालदाराला भरवलं, सालदाराने दौलतरावांना भरवलं. वर्षातून एकदा हे होतं, आणि ते पाहून पुढच्या काल्यापर्यंतचे तीनशे चौसष्ट दिवस निभावून नेण्याचं बळ येतं.

तेवढ्यात तुळसाबाई उठली. एका मुठीत काला, दुसरा हात पुढे चाचपत. देवळाच्या पायऱ्या उतरून ती कोंडवाड्याकडे निघाली.

दौलतराव ओरडले, "तुळसाबाई, थांब! अकरा दिवस व्हाचे हायेत."

नानाजी महाराज अजून गळ्यात वीणा घालून उभे होते. ते म्हणाले, "पाटील, काला हाय हा. काल्यात दिवस मोजत नसतात."

"महाराज," दौलतरावांनी हात जोडले, "ते कीर्तनातलं झालं. आमी कारभाराचं बोलून राह्यलो."

महाराजांनी वीणा गळ्यातून काढून खाली ठेवली. असा तोडीस तोड जबाब मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

तुळसाबाई थांबली नव्हती. मंडपाला लागूनच असलेल्या रेघेवर मी पहाऱ्याला होतो. जगदेव आतून रेघेला लागून गुडघ्यांवर बसला होता, डोळे मिटून, तोंड पुढे करून, लहानपणी बसत असेल तसा. दोघांत अडीच हातांचं अंतर. माझे डोळे पाण्याने इतके भरले होते की मला ती दोघं नीट दिसतही नव्हती. लोक म्हणतात मी तिला अडवलं. हे खरं नाही. मी तिला हात लावला नाही, शब्द बोललो नाही. मी फक्त मधे उभा राहिलो.

तिचा हात माझ्या छातीला लागला. वर सरकला. माझ्या गालावरून फिरला. गाल ओला होता.

"रडू नको रे जगदेवा," ती म्हणाली, "हे घे," आणि मुठीतला काला तिने माझ्या तोंडात घातला.

तो काला मी खाल्ला. प्रसाद टाकता येत नाही.

तिला कोणी काही सांगितलं नाही. ती हसत मागे वळली. "जाडा झाला खरंच," असं बायांना सांगत गेली.

जगदेवने गाडीत बसताना कांबळ रेघेवर ठेवली. मग मला म्हणाला, "काका, एक सांगाचं राह्यलं. त्या म्हातारीनं रताळं फेकलं न, तवा तिथंबी पहारेवाला होता. बंदूक होती त्याच्यापाशी. त्यानं तोंड फिरोलं आन् समुद्राकडं पाहत राह्यला. समुद्रात तवा पाह्यसारखं काई नव्हतं."

मी त्याला म्हणालो, शिस्त ढिली असली की असं होतं. आणि ते खरं आहे. एवढा मोठा देश, तारांची कुंपणं, पलटणी. पण एक म्हातारी त्यांना आवरता आली नाही. आमच्याकडे नुसती राख होती. फट राहिली नाही.

शुद्धीचे दिवस अर्धवट सोडणं बरं नव्हे, म्हणून कमिटीने उरलेले सात दिवस कांबळीची शुद्धी केली. गोमूत्र शिंपडलं, तळ्यावर धुतली, धुपावर धरली. अकराव्या दिवशी जगदेव शुद्ध झाल्याचा कागद झाला. त्यावर माझी सही आहे. कांबळ मीच तुळसाबाईला नेऊन दिली. तिने ती मांडीवर घेतली, चारी टोकं चाचपली, नाकाशी नेली, पुन्हा नेली.

"भाऊजी," ती म्हणाली, "बाया म्हनत होत्या, हिले कोळशाचा वास हाय. माह्या लेकाचा. तो कुठं गेला वो?"

"शुद्ध झाली," मी म्हणालो.

मार्गशीर्षात लढाई लागली. त्यानंतर जगदेवचं पत्र नाही. गोदीतून काही कळलेलं नाही. शत्रूही आमच्या गावापर्यंत आलेला नाही, आणि याचं श्रेय कमिटी रेघेला देते.

आता माझं वय झालं, गुडघे धरतात. पहाऱ्याला नवा माणूस पाहिजे. दौलतरावांनी विचारलं, माणूस कसा असावा? मी सांगितलं, फार कठोर नको. कठोर माणूस कंटाळतो, आणि कंटाळला की समुद्राकडे पाहायला लागतो. हे वाचताना ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं असेल तो चालेल. तुमच्या आलं असेल तर कळवा. भरल्या डोळ्यांचा माणूस जागचा हलत नाही, असा माझा अनुभव आहे.