चौथ्या कबरीची जागा

फाईल बंद करायची नाही, एवढाच निर्णय तेयोने घेतला होता. त्यात त्याची कबर गेली.

तेयो, म्हणजे तेओदुल्फो मागबानुआ, फिलिपिन्समधल्या इलोइलोत घरांचे नकाशे काढून देई. पुढच्या खोलीत एक संगणक, एक प्रिंटर आणि वीज गेल्यावर किंचाळणारी एक बॅटरी, हे त्याचं ऑफिस. संगणकावर त्याचे सगळे नकाशे एकाच वेळी उघडे असत: डुकरांचे गोठे, शाळेचं कुंपण, कुणाचा तरी अर्धवट राहिलेला दुसरा मजला. त्याची बायको व्हांजी म्हणायची, "झालेलं काम बंद करावं माणसानं." तो म्हणायचा, "झालंय कुठे?" (हे खरंच होतं.) शिवाय कोऱ्या पानावर सुरुवात करायची त्याला धास्ती वाटे. जुना नकाशा उघडायचा, दुसऱ्या नावाने सेव्ह करायचा आणि त्यातच खाडाखोड करायची, अशी त्याची पद्धत.

यंदा सासूने त्याला थडग्याचा नकाशा काढायला सांगितला. सासरे भाड्याच्या कबरीत होते आणि तिची मुदत संपत आली होती. मृतांच्या दिवसाच्या आत त्यांना स्वतःच्या छपराखाली आणायचं होतं.

"एक त्यांची, एक माझी, एक व्हांजीची," सासू म्हणजे नानाय कोन्सोर्सिया म्हणाली. मग बराच वेळ जावयाकडे बघत राहिली. "आणि घे, एक तुझी."

लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती. नानाय चारचौघांत त्याची ओळख 'व्हांजीचा नवरा' अशी करून देई, तीही कुणी विचारलं तरच. आता थेट कबरीचं आमंत्रण आलं, तेव्हा तेयोला भरून आलं. आपल्यालाही कुठेतरी जमेस धरलेलं आहे, असं त्याला प्रथमच वाटलं.

थडग्यासाठी त्याने मनांग सालुद या गिऱ्हाइकबाईच्या होऊ घातलेल्या खाणावळीचा नकाशा उघडला. आकार तोच, वर पत्रा तोच. आत टेबलांच्या चार चौकटी होत्या, त्यांच्याच चार कबरी झाल्या; कोपऱ्यातली त्याची. वरून पाहिलं की जेवणाचं टेबल आणि माणसाची कबर यांत फारसा फरक राहत नाही. लांबी जरा वाढवली की भागतं.

मग एके दिवशी नानाय काम बघायला आली आणि त्याच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसली. क्रूस थोडा डावीकडे घे, आता थोडा उजवीकडे घे, असं चाललेलं असताना फोन वाजला. मनांग सालुद होती.

"तेयो, कोपऱ्यातलं टेबल काढून टाक बाबा. तिथे वाढायला कट्टा दे. आणि भांडी विसळायला मोरी."

"काढलं, मनांग," तेयो म्हणाला, आणि त्याने खरोखरच काढलं. तिथे कट्टा बसवला, मोरी बसवली. मागे नानायने क्रूसचा विषय सोडला. तिने चष्मा काढून पुसला. तेयोला वाटलं, कंटाळली असेल.

तेवढ्यात वीज गेली. बॅटरी किंचाळू लागली. तेयो सगळं बंद करायला धावला, तर संगणक एकेका नकाशासाठी विचारू लागला, बदल ठेवायचे का? तेयो हो म्हणत गेला. हो, हो, हो. आयुष्यात त्याने इतक्या ठामपणे कधी होकार दिला नव्हता.

मृतांच्या दिवसाच्या आदल्या दिवशी मनांग सालुदचा पुन्हा फोन आला. "अरे, माझा कट्टा कुठाय? गवंडी म्हणतो, नकाशात चारही टेबलं आहेत तशीच आहेत."

तेयोने थडग्याचा नकाशा उघडून पाहिला. मग मोटारसायकल काढून थेट दफनभूमीत गेला. गवंडी नोय इस्को फरशी पुसत होता. कोपऱ्यात पांढऱ्याशुभ्र टाइलचा कट्टा होता. नळाला पाणीसुद्धा येत होतं.

"हे काय बांधलंत, नोय?"

"नकाशात होतं ते."

"थडग्यात मोरी? विचारायचं तरी."

"विचारायचं काय त्यात? उद्या सगळी माणसं दिवसभर इथे बसणार, जेवणार. भांडी काय सदऱ्याला पुसायची? आजवर कुणाला सुचलं नव्हतं. शेजारच्या थडग्यावाल्यांनी तुझा नंबर घेतलाय."

"आणि चौथी कबर?"

"ती कुठे होती नकाशात? कुणाची होती?"

"कुणाची नाही," तेयो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सगळं गणगोत जमलं. मेणबत्त्या लागल्या, प्रार्थना झाली, पातेली कट्ट्यावर मांडली गेली. आता सांगून टाकू, असं ठरवून तेयो नानायजवळ गेला. तर तीच उठून उभी राहिली.

"मी मागे बसले होते," ती सगळ्यांना म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत यानं स्वतःची कबर पुसली. का, तर तुमच्या जेवणाची सोय व्हावी. एका शब्दानं बोलला नाही. माझा जावई आहे हा."

वीस वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली, तो असा आला. व्हांजीने हळूच विचारलं, "तुला सुचलं हे?"

"गप्प बस," तेयो पुटपुटला. मग धीर करून म्हणाला, "नानाय, बाजूला एखादी छोटीशी कबर बसेल का? मी पाय दुमडून..."

"कुठे बसणार? एवढा चांगला कट्टा फोडायचा? तू काळजी करू नकोस. मी आन्तिकेला, तुमच्या घरी, तुझ्या भावाला फोन केला होता. तुमच्या थडग्यात याला घ्याल का, म्हटलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, त्याची जागा आम्ही केव्हाच मावशीला दिली. आम्हाला वाटलं, तो तुमच्याकडे गेला." नानायने त्याच्या हातात डाव दिला. "जा आता, लोक खोळंबलेत."

तेयो कट्ट्यामागे गेला. जिथे कायमचं निजायचं होतं, तिथे तो संध्याकाळपर्यंत उभ्याने शेवया वाढत होता.