हलगीस निवृत्ती देण्याची मसलत

॥ श्री चेंडोबा प्रसन्न, शिट्टीमाता सहाय ॥

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, निळ्या मैदानाच्या पूर्वकट्ट्यावर जें वर्तलें तें कट्टेकरी मंडळींच्या आज्ञेवरून साद्यंत लिहिले असे. राज्याचे नाव पुसों नये. नाव सांगितले तर शेजारचे राज्य म्हणेल की आमचेंही ऐसेंच जाहलें होतें, आणि मग उगाच तंटा लागेल. हकीकत ऐसी जे, त्या राज्यात हॉकी हाच राजधर्म. प्रधान बदलले, रस्ते उखडले, नळाचे पाणी दिवसाआड येऊं लागले, परंतु मुलींच्या हॉकी फौजेचे कप्तानपद राजश्री सुलक्षणाबाई घाडगे यांजकडेस अखंड चालले, इतके की शाळकरी पोरींनी दुसरा कप्तान म्हणून कोणी पाहिलाच नव्हता, आणि कप्तान हें पद असते, तें माणसाचे नाव नव्हे, हें कित्येकांस ठाऊकच नव्हते. आणि त्या मैदानाच्या पूर्वेस सिमेंटच्या पायऱ्यांचा कट्टा, आणि त्यावर बसणारी रयत ती कट्टेकरी, आणि त्यांचे कारभारी सायकल दुकानवाले भिकूनाना तारळेकर, ज्यांस कोणी नेमले नव्हते आणि कोणी काढूंही शकत नव्हते. आणि कट्ट्याची हलगी इयत्ता दहावीतील केतकी वायदंडे हिजकडे. हलगी बापाची. बापाचा खांदा आखडला तेव्हा त्याने लेकीच्या गळ्यात घातली, आणि म्हटले, हात मोकळा सोड, बाकी ती शिकवील. तेव्हांपासून केतकी, जी वर्गात हजेरी देतानाही पुटपुटत असे, ती कट्ट्यावर हलगी धरून उभी राहिली की आवाज चौकापलीकडे जाई, आणि लोक म्हणत, ती बघा हलगीवाली, आणि तिची मान चार बोटे उंच होत असे.

आतां रिवाज ऐसा होता. शत्रूने गोलापाशी आगळीक केली म्हणजे आपल्या फौजेस पेनल्टी कॉर्नर मिळे. तेसमयी एकीने रेषेवरून चेंडू ढकलावा, दुसरीने अर्धवर्तुळाच्या तोंडाशी अडवावा, आणि कप्तानसाहेबांनी तो गोलात हाणावा. परंतु त्याआधी कप्तानसाहेब खाली वाकून डाव्या पायाचा मोजा वर ओढीत. मोजा ओढला की केतकीची हलगी कडाडे, हलगी कडाडली की कट्टा गर्जे, आणि कट्टा गर्जला की चेंडू निघे. मोजा ओढल्यावांचून हलगी वाजल्याचे कोणाच्या स्मरणात नाही. परगावचे पाहुणे पुसत, की हा मोजा सैल असतो काय, तेव्हा भिकूनाना त्यांजकडे असे बघत की पाहुणे पुढे बोलतच नसत.

ऐसे सुखाने चालले असता कार्तिकातील शेवटला सामना जिंकून कप्तानसाहेब कर्ण्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, माझा हा शेवटचा सामना, गुडघे आता माझे ऐकत नाहीत, पुढचे कप्तानपद तबस्सुम मुलाणी सांभाळील, सर्वांनी लोभ ठेवावा. इतकेंच बोलून पाणी प्यायल्या. शब्द सर्वांस स्वच्छ ऐकू आले आणि अर्थ कोणासच लागला नाही. कोणी म्हणे, निवृत्ती तर मास्तरांना केस पिकल्यावर मिळते, आणि यांचे केस अजून काळे आहेत, सबब कागदपत्रांत घोटाळा असावा. कोणी म्हणे, ही हूल आहे, शत्रूस गाफील ठेवण्याची मसलत आहे, पुढल्या सामन्यास त्या झाडाआडून निघतील. रसवंतीवाल्या पार्वतीकाकूंनी ऐकले ते ऐसे की बाईंना बढती मिळाली, म्हणोन त्यांनी जिलेबी वाटली, आणि लोक रडत रडत जिलेबी खाऊं लागले, आणि जिलेबी बरी होती, म्हणोन दुसऱ्यांदा मागूं लागले, आणि मग त्याचीच लाज वाटून आणखी रडले. दुसरे दिवशी मिरवणूक ठरली. परंतु आनंदाची की दुःखाची हें ठरवावयाचे राहिले, त्यामुळे अर्धी मंडळी काळ्या फिती बांधून आली आणि अर्धी गुलाल घेऊन आली, आणि चौकात दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या राहून एकमेकींस वेड्यात काढूं लागल्या. तेव्हां भिकूनानांनी निवाडा दिला, की फिती ठेवाव्या आणि गुलालही उधळावा. तैसेच केले. संध्याकाळी सारे राज्य तांबडे झाले होते, आणि शोकात होते.

मग कट्ट्यावर सभा भरली. भिकूनाना उभे राहिले, चष्मा पुसला, आणि बोलिले, की परमुलखात थोर खेळाडू निवृत्त जाहला म्हणजे त्याच्या अंगरख्याच्या पाठीवरचा आकडाही त्याजबरोबर उतरवितात, पुन्हा कोणास देत नाहीत. आपण काय उतरवावे? आकडा तर तबस्सुमच्या चुलत बहिणीने आधीच मागून घेतला. तेव्हा कोणी मोजा म्हणाले, परंतु मोजा कप्तानसाहेबांचा, तो मागावा कोणत्या तोंडाने. इतक्यात मागून एक आवाज आला, की हलगी. आणि सर्वांस वाटले, की हेंच. जो मोजा आता ओढला जाणार नाही, त्याची हलगीही आता वाजूं नये. पुढल्या सामन्यास कप्तानसाहेबांस पाहुण्या म्हणोन बोलवावे, मध्यंतरास शाल पांघरून हलगी त्यांस अर्पण करावी, आणि त्यांनी ती घरी भिंतीस लावावी, आणि कट्ट्याने आजन्म मौन पाळावे. हें ऐकून बाया डोळे पुसूं लागल्या, आणि भिकूनानांनी केतकीस पुसले, काय बाळ, चालेल ना. आणि केतकीचेही डोळे भरले होते, कारण कप्तानसाहेब तिला देवाहून दोन पायऱ्याच खाली होत्या, आणि सारा कट्टा तिजकडे पाहत होता, आणि ती हो म्हणाली. घरी जाऊन हलगी खुंटीस लावली, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आले की खुंटी आता रिकामी होणार. मग ती पुन्हा हजेरीला पुटपुटणारी पोर होणार, आणि लोक म्हणतील, ती बघा, ती आधी हलगी वाजवायची. बापास सांगितले तर तो इतकेंच बोलिला, की हलगी तुझी, तोंडही तुझे. याचा अर्थ काय घ्यावा, हें केतकीस कळेना. कप्तानसाहेबांवर माया आहे म्हणोन द्यावी, तर ती रिकामी खुंटी डोळ्यांपुढून हलत नाही. आणि देऊं नये, तर आपली माया खोटी की काय, ऐसा पेच पडला, आणि तिला भूगोलाच्या पेपरात नद्या उलट्या वाहताना दिसूं लागल्या.

मार्गशीर्षात सामन्याचा दिवस उगवला. केतकी हलगी घेऊन निघाली, आणि कट्ट्यामागे नेहमीच्या जागी कागद पेटवून तिने हलगी शेकली, कारण थंडीत चामडे सैल पडते, आणि शेकल्याशिवाय ती बोलत नाही. शेकून झाल्यावर तिला सुचले, की आज तर ही बोलणारच नाही. तरी ऊब होती म्हणोन पोटाशी धरून वर आली. कट्टा काळ्या फिती लावून गप बसला होता, आणि शत्रूकडील पाहुणे घाबरून एकमेकांस पुसत होते, की इकडे कोण वारले. तबस्सुम मुलाणी फौज घेऊन मैदानात उतरली, दोन वेण्या, चेहरा पांढराफटक, आणि तिने कट्ट्याकडे पाहून हात वर केला, आणि कट्ट्याने मौन पाळले, आणि तिचा हात हळूच खाली आला. मग शत्रूने आरंभीच एक गोल चढविला. इतक्यात कट्ट्यावर गलबला जाहला, कारण कप्तानसाहेब पाहुण्यांच्या सोफ्यावरून उठून पायऱ्या चढत वर येत होत्या, साधा पंजाबी पोशाख, पायात चपला, हातात भेळेचा पुडा. वाटेत दोनदा वाट चुकल्या, कारण आपला कट्टा त्यांनी उभ्या जन्मात खालूनच पाहिला होता. मग केतकीच्या शेजारची जागा रिकामी दिसली तेथे बसल्या, आणि सारे राज्य श्वास धरून राहिले, आणि केतकीस तर श्वास कोणता आणि कोठे धरावा हेंच कळेना.

कप्तानसाहेबांनी हलगीवर तळहात ठेवला आणि पुसले, "शेकलीस?"

"हो ताई."

"मला द्यायची आहे ना आज? नाना सांगत होते फोनवर. आणि शेकून आणलीस?"

केतकीने मान खाली घातली. कप्तानसाहेबांनी तिला भेळ पुढे केली आणि मग सहज म्हणोन सांगूं लागल्या, की तुझ्या हलगीचे माझ्यावर फार उपकार आहेत. कॉर्नरला मी पुढे तोंड करून उभी. मागे पोरी आपापल्या जागी आल्या की नाही, मला दिसायचे नाही. तुला वरून सारे दिसते. म्हणून हलगी वाजली की मी समजायची, सगळ्या आल्या, आणि वाकून मोजा ओढायची, आणि मग खेळायची.

केतकीच्या हातातील भेळ तशीच राहिली. ती म्हणाली, "नाही ताई. आधी तुम्ही मोजा ओढायचात. मग मी वाजवायची."

"छे गं. आधी हलगी."

"आधी मोजा, ताई. मी दुसरीकडे बघायचेच नाही. मी फक्त तुमचा मोजा बघायची."

दोघी एकमेकींकडे पाहूं लागल्या. कप्तानसाहेबांनी बराच विचार केला, आणि एक शेंगदाणा खाल्ला, आणि पुनः विचार केला. "मग इतकी वर्षं सुरुवात करत होतं कोण?" त्या बोलिल्या. मागे बसलेल्या पार्वतीकाकू म्हणाल्या, की शिट्टीमाता करीत असेल, परंतु त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

ऐसें असता मध्यंतर जवळ येऊन ठेपले आणि आपल्या फौजेस पेनल्टी कॉर्नर मिळाला. तबस्सुम अर्धवर्तुळाच्या तोंडाशी उभी राहिली आणि थांबली. पंचाने तिजकडे पाहिले, तिने कट्ट्याकडे पाहिले, आणि कट्टा काय करावे तें न सुचून सवयीने कप्तानसाहेबांच्या डाव्या पायाकडे पाहूं लागला. पायात चप्पल. मोजाच नाही. शेंकडो लोक एका चपलेकडे टक लावून बसले आहेत, ऐसा प्रसंग कोणत्याही राज्यावर आला नसेल. केतकीने हळूच पुसले, वाजवू का. कप्तानसाहेब म्हणाल्या, "मला कशाला विचारतेस? मी आता कट्टेकरी."

तेव्हां केतकीने चपलेवरची नजर उचलली आणि प्रथमच मैदानाकडे धड पाहिले. रेषेवर ढकलणारी उभी होती. अडवणारी जागेवर होती. डावीकडची पोर अजून बूट बांधत होती, आणि मग उठली, आणि धावत आपल्या जागी आली, आणि आतां सगळ्या आल्या होत्या, आणि हें वरून केतकीस दिसत होते आणि खाली तबस्सुमला दिसत नव्हते. केतकी उठली. हातातील काठीचे टिपरू हलगीवर पडले. कडाडली ती ऐसी, की शत्रूच्या गोलरक्षकिणीने वर पाहिले. तबस्सुमने तळहात स्कर्टला पुसला, चेंडू आला, अडला, तिने हाणला, आणि गोलाच्या फळीवर ठक्क वाजला. गोल. कट्ट्यास मौन मोडावे की पाळावे कळेना. सर्वांनी भिकूनानांकडे पाहिले. नाना रडत होते. कट्ट्याने तो आनंदच धरला आणि गर्जना केली.

मग मध्यंतर जाहले, आणि नाना ताट घेऊन आले, ताटात शाल आणि नारळ, आणि म्हणाले, चला बाळ, आता द्या हलगी. केतकीने हलगी पोटाशी धरली. तिची जीभ पुटपुटावयास वळली होती, ती तिने सरळ केली.

"देणार नाही, नाना."

"सगळ्यांसमोर हो म्हणाली होतीस."

"तेव्हा सगळे रडत होते. रडताना विचारलंत तर कोण नाही म्हणणार? ताई मला फार आवडतात. आणि तरी मी देणार नाही."

नानांचे ताट हातात तसेच. ते कप्तानसाहेबांकडे पाहूं लागले, जसे कॉर्नरला पाहत. कप्तानसाहेब म्हणाल्या, "नाना, मला ती वाजवता येत नाही. घरी नेऊन करू काय, तिच्यावर भाकरी थापू? मला इथं रोजची जागा द्या. खाली सोफ्यावरून काही दिसत नाही." नानांनी ताट खाली ठेविले. मग शाल कप्तानसाहेबांच्या खांद्यावर घातली, कारण थंडी होती, आणि नारळ पायरीवर फोडला, आणि खोबरे वाटले, आणि स्वतः एक पायरी खाली सरकून त्यांस जागा दिली, जी पायरी त्यांनी आजवर कोणासाठी सोडिली नव्हती.

उत्तरार्धी आणखी एक कॉर्नर मिळाला. केतकीने खाली पाहिले, सगळ्या जागेवर आहेत हें पाहिले, आणि हलगी वाजविली. चेंडू हुकला. परंतु हलगी वाजताच शेजारी शाल हलली, म्हणोन तिने वळून पाहिले, तों कप्तानसाहेब मैदानावरची नजर न काढता खाली वाकल्या होत्या, आणि चपलेच्या वर, जेथे काहीच नव्हते, तेथे दोन बोटांनी नसलेला मोजा वर ओढीत होत्या. त्यांस स्वतःस त्याचा पत्ता नव्हता. केतकीने पाहिले, आणि नजर मैदानाकडे वळविली.

येणेंप्रमाणे सामना बरोबरीत सुटला. सुलक्षणाबाई कट्ट्यावर रुजू जाहल्या. हलगी केतकीच्या खुंटीस कायम. कट्टा आनंदात की शोकात, याचा निकाल अद्याप लागला नाही. फिती आणि गुलाल दोन्ही जपून ठेविले आहेत. आतां निम्मा कट्टा म्हणतो, तबस्सुमने तळहात पुसला तीच नवी खूण. निम्मा म्हणतो, नव्हे. केतकी खूण शोधत नाही. ती पोरींकडे बघते आणि वाजविते. इति पूर्वकट्ट्याचे वर्तमान, जसे घडले तसे, कळले तितके.