डावी वजा उजवी

टेलरबाईंच्या दुकानासमोर, उंबऱ्यापासून वीतभर अंतरावर, रस्ते विभागाने बसथांब्याची शेड उभी केली. काम इतकं चोख झालं की मागच्या पत्र्यामुळे दुकानाचं दार उघडेनासं झालं. गिऱ्हाइकं खिडकीतून येऊ लागली. लहान मुलं आनंदाने आली, मोठी माणसं नाइलाजाने, आणि ज्यांची मापं ऐसपैस होती ती आलीच नाहीत.

"खिडकीतून येतो त्याला गिऱ्हाईक नाही, चोर म्हणतात," सासूबाई म्हणाल्या. "जा, तक्रार कर. दुकान बसलं तर खायचं काय, दोऱ्याची रिळं?"

टेलरबाई सुनावणी कक्षात गेल्या. तिथे पूर्वी एकच बाजू ऐकून निकाल देतात अशी फार ओरड होती, म्हणून शासनाने एक स्वयंचलित यंत्र बसवलं होतं. डाव्या माईकवर प्रतिवादी बोलणार, उजव्या माईकवर तक्रारदार. यंत्र डाव्या आवाजातून उजवा आवाज वजा करी. बाकी शून्य आली तर दोन्हीकडे एकच आवाज, म्हणजे मोनो. लाल दिवा, सुनावणी एकतर्फी. काहीही बाकी उरली तर स्टीरिओ; हिरवा दिवा, सुनावणी दुतर्फी. गाणी ऐकायच्या यंत्रांतही हीच युक्ती असते. फक्त तिथे तिने गाणं मोनो की स्टीरिओ एवढं ओळखलं तरी भागतं, इथे तिच्यावर न्याय ओळखण्याची जबाबदारी होती.

"शेड नकाशाबरहुकूम आहे," रस्ते विभागाचे उपअभियंता डावीकडून म्हणाले. "नकाशात दार नव्हतं."

"दार भिंतीत असतं हो साहेब!" टेलरबाई उजवीकडून म्हणाल्या.

दिवा लाल. यंत्र बसवणाऱ्याने कामाचा उरक दाखवत दोन्ही माईक एकाच वायरीला जोडले होते, त्यामुळे कुणीही काहीही बोललं तरी दोन्ही बाजूंना तेच पोचत होतं. सुनावणी अधिकाऱ्यांनी दिव्याकडे आदराने पाहिलं.

"फरक शून्य. म्हणजे तुमचं आणि विभागाचं म्हणणं एकच आहे. अभिनंदन!"

"अहो, मी भांडतेय त्यांच्याशी!"

"ते मला दिसतंय. यंत्राला तसं आढळत नाही. जरा वेगळं बोलून बघा."

टेलरबाई वेगळं बोलल्या, मोठ्याने बोलल्या, शेवटी उपअभियंत्यांच्या सदऱ्याच्या शिलाईचाही उद्धार केला. दिवा लालच. अधिकारी कळवळून म्हणाले, "बाई, तुम्ही जितक्या विरोधात बोलताय, तितकी तुमची संमती पक्की होत चाललीय."

तरी एकतर्फी सुनावणीवर निकाल देता येईना, म्हणून यंत्रवाल्याला बोलावलं. त्याने थोडा वेळ टेबलाखाली घालवला आणि उजव्या माईकची वायर कापून टाकली. आता डाव्यातून वजा करायला काही उरलंच नाही. उपअभियंता नुसते खाकरले तरी दिवा हिरवागार! कक्षात टाळ्या पडल्या.

निकाल ध्वनिमुद्रण ऐकूनच द्यायचा, समोरच्यांची तोंडं बघून नव्हे, असा नियम होता. निष्पक्षपणा म्हणतात तो हाच. अधिकाऱ्यांनी कानाला हेडफोन लावला आणि लिहिलं: "तक्रारदारास पूर्ण संधी देऊनही त्यांनी मौन पाळले. शेड कायम."

टेलरबाई खिडकीतून दुकानात उतरल्या आणि मशीनवर डोकं टेकून रडल्या. पै-पै जमवून उभं केलेलं दुकान होतं ते.

"रडून दार उघडत असतं तर मीच रडले असते," सासूबाई म्हणाल्या. "शेड बांधलीय कुणासाठी?"

"लोकांसाठी."

"मग आपण कोण, ढगातून पडलो?"

दुसऱ्या दिवशी प्रवाशांनीच हातभार लावून मशीन खिडकीतून शेडमध्ये नेलं. धंद्याला बरकत आली. बस कधी वेळेवर येत नसे, तेवढ्यात बटण लावून व्हायचं. पुढे पुढे लोक झालरीसाठी बस सोडू लागले.

रस्ते विभाग खवळला आणि त्याने अतिक्रमणाची तक्रार ठोकली. या खेपेला विभागच तक्रारदार, त्यामुळे नियमानुसार उपअभियंत्यांना उजवी खुर्ची मिळाली. डावीकडे टेलरबाई.

"शेड माझ्या दारावर आली, म्हणून मी शेडमध्ये आले. दार मोकळं करा, लगेच उठते," टेलरबाई म्हणाल्या. दिवा हिरवा झाला.

मग उपअभियंता बोलू लागले. पुष्कळ बोलले. नकाशे पसरले, खिडकीबाहेर कुठेतरी बोट दाखवलं, एकदा तर टेलरबाईंना हात जोडले. टेलरबाईंच्या डोक्यात मात्र दाराशिवाय दुसरं काही शिरत नव्हतं. अधिकाऱ्यांच्या कानाला हेडफोन होता.

"तक्रारदार विभागाने मौन पाळले. शेड काढून टाकावी."

"साहेब, घसा बसेपर्यंत बोललो मी!"

"यंत्राला तसं आढळत नाही."

शेड गेली, दार उघडलं. सासूबाई दिवसभर त्या दारातून उगाचच आतबाहेर करत होत्या, आणि बसची माणसं आता उन्हात उभी राहतात.

तुम्हीही खूश झालात, व्हायलाच हवं. फक्त उपअभियंता त्या दिवशी एवढं काय सांगत होते, हे तुम्हाला ठाऊक नाही. आणि खरं सांगा, विचारावंसं तरी कुठे वाटलं?