लाल चेहऱ्याची मंजूर कारणे

चौकशी खिडकीवरच्या कारकुनाचे गाल आणि नाक लाल झाले, या बाबीकडे पाणीपुरवठा कार्यालयाने प्रथम दुर्लक्ष केले. रीतच होती तशी; फुटलेल्या पाइपकडेही ते आधी दुर्लक्षच करत असे. पण एका नागरिकाने तक्रार ठोकली की खिडकीतला माणूस पिऊन बसतो. आणि तीही नेमकी कारकुनाच्या बढतीचा विषय साहेबांच्या टेबलावर असताना! हेडक्लार्कच्या खुर्चीसाठी तो वर्षानुवर्षे डोळे लावून बसला होता हो.

घरी बायको हसून हसून बेजार झाली. "तुम्ही आणि दारू? खोकल्याच्या औषधाने तुम्ही दुपारपर्यंत आडवे असता!" मग तिने त्याची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवले. "खरं सांगा, वन्संचं ते गोरं करणारं मलम चोरून लावत होतात ना?"

"एकदा-दोनदाच."

"ट्यूब पार चपटी झालीय! चला, आधी डॉक्टरकडे."

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला आणि भिंग लावून चेहरा पाहिला. "हे उन्हाचं नाही. उन्हाने भाजलं असतं तर आठवड्यात सोलून मोकळं झालं असतं. ॲलर्जी म्हणावी, तर खाज नाही. कोंड्याचा प्रकार असता, तर भुवयांत आणि नाकाच्या कडेला पापुद्रे दिसले असते. तुमच्या गालांवर बारीक रक्तवाहिन्या दिसताहेत. याला रोझेशिया म्हणतात. त्यात तुमच्या त्या मलमाने आणखी भर घातलीय, ते आधी बंद. लाली कधी वाढते?"

"गरम चहा घेतला की. आणि त्या आजी खिडकीशी आल्या की."

"कोण आजी?"

"नळजोडणी मागायला येतात. अर्ज माझ्याच खणात आहे. सही निळ्या शाईत केलीय त्यांनी, काळी लागते. सांगायचं राहून गेलं."

"तो विषय माझ्याकडे येत नाही," बाई म्हणाल्या. "चहा कोमट प्या."

साहेबांनी डॉक्टरांचा दाखला आदराने वाचला आणि आदरानेच परत केला. "आजाराची तरतूद नियमात नाही. चेहरा लाल होण्याची मंजूर कारणं चारच. ऊन, राग, दारू आणि लाज. यातलं एक निवडा."

"मग ऊन म्हणतो, साहेब."

"म्हणजे कामाच्या वेळेत बाहेर हिंडत होतात?"

"नाही नाही! राग लिहा."

"नागरिकांवर राग? बढती गेली म्हणून समजा."

दारूचा तर प्रश्नच नव्हता. "मग लाज लिहा," कारकून रडकुंडीला येऊन म्हणाला.

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, काय बोलताय! लाज कशाची? इथे लाज वाटण्यासारखं काही चालतं, असा त्याचा अर्थ होतो. चौकशी लागेल, आणि ती माझ्यापर्यंत येईल."

तेव्हा या कार्यालयात लाज मुळात आहे की नाही, याची खातरजमा करण्यासाठी समिती नेमली गेली. सर्व कर्मचाऱ्यांना सभागृहात भिंतीशी उभे केले. साहेब रखडलेली प्रकरणे मोठ्याने वाचू लागले आणि समिती टॉर्च घेऊन एकेकाचे गाल तपासत फिरू लागली. आजींचे प्रकरण आले. वृद्ध अर्जदार, एकट्या राहतात, तीन जिने चढून बादल्या वाहतात. विलंबाचे कारण, शाई. कुणाचाही गाल लाल झाला नाही. एकाने जांभई दिली, तिची नोंद झाली नाही.

कारकुनाला मात्र कानापर्यंत चटका बसला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्याला झाले. इतक्यात टॉर्च त्याच्यावर आला.

"हे आधीपासूनच लाल आहेत," समिती म्हणाली, "यांचं काही कळत नाही." आणि टॉर्च पुढे गेला.

अहवाल एकमताने आला. लाज या कार्यालयात आढळून आली नाही, सबब ती मंजूर कारणांतून वगळण्यात यावी. कारणांची संख्या मात्र कमी करता येत नसल्याने रिकाम्या जागी आजार बसवण्यात आला. कारकून निर्दोष ठरला आणि हेडक्लार्क झाला. साहेबांनी स्वतः पेढ्यांऐवजी बिस्किटे वाटली, कारण बिस्किटांची तरतूद होती.

औषधाचाही गुण आला. चेहरा हळूहळू निवळला. एका दुपारी आजी जिना चढून थेट नव्या टेबलाशी आल्या, धाप लागलेली, हात टेबलावर टेकलेला.

"माझ्या नळाचं काय झालं रे, बाळा?"

"शाई चुकलीय, आजी. नवीन अर्ज आणा, काळ्या शाईत."

आजी टेबलावरचा हात उचलून जिन्याकडे वळल्या. हेडक्लार्कने घाईघाईने खिशातला आरसा काढला. गाल स्वच्छ, नाक स्वच्छ, कान गार! त्याने आनंदाने घरी फोन लावला. "अगं, मी पूर्ण बरा झालो!"

"गरम चहा पिऊन बघितलात वाटतं?"

"चहा नाही गं. आजी येऊन गेल्या."

पलीकडून फोन खाली ठेवल्याचा आवाज आला.

वाचकहो, हसलात ना? हसा, हरकत नाही. पण तुमच्याही खणात कुणाचे तरी काम पडून असेलच. ते जरा आठवा आणि गालाला हात लावून बघा. गार लागला? अभिनंदन. आमच्याकडे चौकशी खिडकीवरची जागा रिकामी झाली आहे.